मावशी पंधरा दिवस आधी आल्या

आमच्याकडे औषधाच्या दुकानाला कुणी औषधाचं दुकान म्हणत नाही, 'मेडिकल' म्हणतात. देवळाली प्रवरेत माझं मेडिकल आहे आणि गेली सव्वीस वर्षं मी त्याच्या काउंटरमागे उभी आहे. उभी म्हणजे खरोखरच उभी. दुकानात खुर्ची एक आहे, पण तिच्यावर कायम कुठलंतरी खोकं बसलेलं असायचं. काउंटरच्या पलीकडे गिऱ्हाइकांसाठी लाकडी बाक आहे. चार माणसांचा. बाजाराच्या दिवशी त्यावर सात बसतात.

शाळेत असताना मी गॅदरिंगच्या नाटकांत कामं करायचे. पुढे फार्मसीची पदविका झाली, लग्न झालं, दुकान आलं, आणि माझं नाटक सुटलं असं घरच्यांना वाटलं. त्यांचा हा गोड गैरसमज मी अजून दूर केलेला नाही. काउंटर हे माझं स्टेज, बाक म्हणजे पहिली रांग, आणि तिकीट नाही. नक्कल मला कुणाचीही येते. कंपनीच्या माणसाचं इंग्रजी, डॉक्टरांचं खाकरणं, आणि सगळ्यांत लोकप्रिय म्हणजे पांढऱ्या गोळीवाले काका.

"ताई, ती पांढरी गोळी द्या."

"काका, दुकानातल्या निम्म्या गोळ्या पांढऱ्या आहेत. कशाची पांढरी?"

"आवो ती, मधी रेघ असलेली."

"रेघ पण निम्म्यांना आहे."

"जी खाल्ल्यावर तोंड कडू पडतं ती."

"आता तर सगळ्याच आल्या!"

बाक हसतो, काका हसतात, आणि मी चिठ्ठी मागून घेते. असे प्रयोग मी हजारो केले असतील. त्यांचा मला अभिमान होता आणि थोडा अजून आहे. पण आज मला त्यातल्या एकाच विनोदाबद्दल लिहायचं आहे. तो मी केला नसता तर एका बाईचं भलं झालं असतं.

आधी धंद्याची गोष्ट सांगते, म्हणजे पुढचं कळेल.

मी दुकानात उभी राहिले तेव्हा माणूस आजारी पडायचा, तीन दिवसांच्या गोळ्या न्यायचा आणि बरा व्हायचा, नाहीतर नगरला मोठ्या दवाखान्यात जायचा. आता माझी निम्मी गिऱ्हाइकं बरी होण्यातली नाहीत. शुगर, बीपी, थायरॉईड, गुडघे. ही जन्माची गिऱ्हाइकं. तेल, साखर, चहापत्तीसारखी घरात औषधांची यादी होते, दर महिन्याला ती भरावी लागते आणि दर वर्षी लांबते. कुणी एकदम कोसळत नाही त्यानं, पण घर आवळत जातं. मग घरातलं माणूस काटकसर करतं, आणि ती कुठे करायची हे ते डॉक्टरला विचारत नाही. मला विचारतं.

"ताई, ह्यातली मेन गोळी कोणती?"

हा प्रश्न मला रोज येतो. चिठ्ठीवर पाच औषधं असतात, खिशात दोन औषधांपुरते पैसे असतात. मी सांगते, "डॉक्टरांना पाचही मेन वाटल्या, म्हणून तर लिहिल्या."

"त्यांचं ऱ्हाऊ द्या. तुमाला कोणती वाटती?"

कुणी महिन्याच्या गोळ्या पंधरा दिवसांच्याच नेतं. कुणी गोळीचे दोन तुकडे करतं. नवरा-बायको दोघांनाही बीपी असलं तर एकाच चिठ्ठीवर दोघं काढणारी घरं मला ठाऊक आहेत.

यावर एक सरळ उपाय आहे. प्रत्येक गोळीला दोन नावं असतात. एक आतल्या औषधाचं आणि एक कंपनीनं ठेवलेलं. औषध तेच, मात्रा तीच, पण कंपनीचं नाव गाजलेलं असलं की भाव चढतो. न गाजलेल्या कंपनीची, जिला लोक जेनेरिक म्हणतात, ती पुष्कळदा चौथाई किमतीत पडते. आमच्या भागात साखर कारखाने आहेत, म्हणून मी दाखला कारखान्याचाच द्यायचे. "साखर पोत्यातून घेतली काय आणि चकचकीत पाकिटातून घेतली काय, चहा गोडच होणार ना?" टाळ्या मिळायच्या. साखरेच्या आजाराच्या माणसाला साखरेचा दाखला देणारी मीच, म्हणून आणखी हशा.

यात दुकानदाराची एक गोम आहे तीही सांगून टाकते, म्हणजे मी साध्वी आहे असा समज व्हायला नको. त्या स्वस्त गोळीच्या पाकिटावर छापील किंमत बऱ्याचदा चांगली घसघशीत असते. दुकानदाराला मात्र ती फार कमीत मिळते. मधलं सगळं खिशात घालायचं की गिऱ्हाइकाला द्यायचं, हे दुकानदाराच्या मनावर. मी बरंचसं देते. सगळं देत नाही. मलाही घर आहे.

लोकांना स्वस्त हवं असतं, असं तुम्हाला वाटेल. इतकं सोपं नाही ते. एक गृहस्थ गाडीतून उतरले, आईची चिठ्ठी पुढे केली. मी स्वस्तातली गोळी सुचवली तर माझ्याकडे असे बघायला लागले, जणू मी त्यांच्या आईला फाटकं लुगडं दाखवलं. "मॅडम, आईसाठी आहे," ते म्हणाले. त्यांची नक्कल मी पुढे महिनाभर केली. त्या नकलेत लोकांच्या मनातली एक मोठी गोष्ट पडलेली होती, ती उचलावी असं मला सुचलं नाही. स्वस्त म्हटलं की त्यात काहीतरी कमी असणार, हे माणूस धरूनच चालतो. गाडीवाला ती घेत नाही. पण ज्याला घ्यावीच लागते, तो त्या कमीचं काय करतो?

ते मला भामामावशींनी शिकवलं.

भामामावशी पासष्टीच्या. गावाबाहेर कालव्याच्या कडेला त्यांची वस्ती. ऊस, कांदा, दोन म्हशी. मुलगा अण्णा शेती बघतो, चांगली बघतो. मावशी दर महिन्याला बाजाराच्या दिवशी स्वतः यायच्या. त्यांना सहा वर्षांपासून शुगर होती. रोज न्याहारीआधी एक गोळी. बाकावरची माणसं त्यांची वाट बघायची, कारण आख्ख्या पंचक्रोशीत मला तोंडाला तोंड देणारी तेवढी एकच बाई होती. माझं वाक्य संपायच्या आत त्यांचं सुरू व्हायचं.

"काय मावशी, आज उशीर?"

"तुमच्यावानी सावलीत उभं ऱ्हायाचं काम न्हाई आमचं."

"मग या ना काउंटरमागे. मी जाते तुमच्या म्हशींमागे."

"जा की. पर म्हस लाथ मारील. तिला लई बडबड चालत न्हाई."

त्या दिवशी मी हरले. बाक पाच मिनिटं हसत होता.

एकदा मावशी आल्या, मी कॉम्प्युटरवर मागची तारीख बघितली. तीस गोळ्या नेल्याला दोन महिने झाले होते. आमच्या धंद्यात डोळे उघडे ठेवायचे ते इथं. गिऱ्हाईक काय बोलतं यापेक्षा ते कधी येतं यावरून जास्त कळतं.

"मावशी, तीस दिवसांच्या गोळ्या साठ दिवस पुरल्या. ही जादू मलाही शिकवा."

त्या हसल्या. मग बाकाकडे पाठ करून काउंटरवर वाकल्या आणि हळू म्हणाल्या, "एक दिसाआड घेते. काय हुतंय त्याला? माझ्या गोळ्या, अण्णाच्या बापाच्या गोळ्या, लई व्हतंय ताई. अण्णाला सांगू नका, तो वराडंल."

मला काय आनंद झाला म्हणून सांगू! चोर पकडल्याचा आनंद. कायद्यानं चिठ्ठीतलं औषध मी मनानं बदलू शकत नाही, म्हणून मावशींना घेऊन रस्ता ओलांडला आणि समोरच्या डॉक्टरांकडे गेले. डॉक्टर समंजस आहेत. त्यांनी रक्त तपासलं, साखर वाढलेलीच होती. त्यांनी कंपनीच्या नावाऐवजी औषधाचं नाव लिहून दिलं, रोज एक, आणि म्हणाले, "द्या तुमच्याकडची स्वस्तातली. पण रोज घ्यायला सांगा."

दुकानात परत येऊन मी माझा प्रयोग केला. पोतं, पाकीट, चहा, हातवारे, सगळं. बाक खूश. मावशींनी पाकीट उलटंपालटं करून बघितलं.

"म्हंजी गोळी तीच?"

"तीच!"

"आन् किंमत चौथाई?"

"चौथाई! आता खाडा करायचा नाही. रोज घ्यायची, बिनधास्त घ्यायची."

"बरं," मावशी म्हणाल्या.

मावशी आणि 'बरं'! कधी नाही ती बाई एका शब्दावर थांबली, तर मला संशय यायला हवा होता. पण बाक हसत होता आणि मी त्या हसण्याला वाकून दाद देत होते. आणखी एक. 'रोज' हा शब्द मी तीनदा उच्चारला असेन. 'एक' हा शब्द उच्चारला नाही. सहा वर्षं तीच गोळी घेणाऱ्या बाईला एक म्हणजे एक, हे काय सांगायचं?

पंधरा दिवसांनी मावशी हजर.

बाजाराचा दिवस, बाकावर चार माणसं. मावशी जरा थकलेल्या दिसत होत्या, पदरानं कपाळ पुसत होत्या. ऊन होतं, मला वावगं वाटलं नाही.

"ताई, गोळ्या संपल्या. आन् जरा इचारायचं हुतं, ह्या गोळ्यांचं—"

मी कॉम्प्युटरवर तारीख बघितली आणि मला तो विनोद सुचला. विनोद सुचला की माझं काय होतं हे माझ्या नवऱ्याला विचारा. जिभेवर आलेलं मला परत नेता येत नाही.

"अगं बाई! तीस गोळ्या पंधरा दिवसांत? मावशी, गोळ्या म्हशीला चारता की काय?"

बाक हसून फुटला. एक जण म्हणाला, "म्हशीला शुगर झाली वाटतं!" दुसरा म्हणाला, "दूध गोड लागत असंल!" मी म्हशीचा आवाज काढून 'डॉक्टर, मला चक्कर येते' असं म्हणून दाखवलं. मावशी पण हसल्या. हसायला लागलंच त्यांना, त्या हरणाऱ्यांतल्या नव्हत्या. त्यांनी मलाही काहीतरी सुनावलं, ते आता आठवत नाही. मी तीस गोळ्या काढून दिल्या. मावशींनी त्या पिशवीत टाकल्या आणि गेल्या.

महिन्याचं गिऱ्हाईक दोन महिन्यांनी आलं तर माझ्या लगेच लक्षात येतं. तेच पंधरा दिवसांनी आलं तर येत नाही. हे मी पुष्कळदा मनाशी तपासलं आहे. उशिरा येणारा माणूस म्हणजे न झालेली विक्री. लवकर येणारा म्हणजे झालेली. माझ्या डोळ्याला दुकानदारीनं एकाच बाजूची नजर दिली होती, आणि मी तिला धंद्यातलं शहाणपण समजत होते.

आठ दिवसांनी संकष्टी होती. सकाळी अकराच्या सुमारास समोर डॉक्टरांच्या दारात टेम्पो थांबला आणि त्यातून अण्णानं आईला उचलून आत नेलं. थोड्या वेळानं डॉक्टरांचा फोन आला. "ताई, भामामावशींना दिलेल्या गोळीचं पाकीट घेऊन या. पटकन."

मी धावत रस्ता ओलांडला. मावशी टेबलावर होत्या. अंगावरचं लुगडं घामानं भिजून चिकटलेलं. डोळे उघडे, पण त्यांत कुणी नव्हतं. अण्णा दाराशी उभा राहून सांगत होता, "सकाळी आठला कायबाय बोलाया लागली. सुनेला म्हनली, म्हशी का रडत्यात. आमाला वाटलं उपासाची चक्कर हाय. खाटंवर निजवली, पानी दिलं. दोन तास झाले तरी उठंना, मग आनली."

डॉक्टरांनी बोटातून रक्ताचा थेंब काढून यंत्रात टाकला होता. आकडा त्यांनी तोंडानं सांगितला नाही, यंत्र माझ्याकडे वळवलं. एवढ्या कमी साखरेवर माणूस शुद्धीत राहत नाही. त्यांनी शिरेतून ग्लुकोज दिलं. थोड्या वेळानं मावशींनी मान हलवली. पण ही गोळी अंगात बराच काळ राहते, साखर पुन्हा खाली येते, म्हणून त्यांना त्याच टेम्पोतून राहुरीच्या दवाखान्यात हलवलं.

दुसऱ्या दिवशी दुकान बंद करून मी राहुरीला गेले. मावशी उशीला टेकून बसल्या होत्या, हाताला सलाईन. अण्णानं घरून औषधांची पिशवी आणली होती. त्यानं ती खाटेवर उपडी केली आणि मी दिलेली पाकिटं उचलून माझ्यासमोर धरली. "ह्याच ना त्या स्वस्तातल्या?"

दहा-दहा गोळ्यांची तीन पाकिटं, त्यातलं एक रिकामं होतं. दुसऱ्यातल्या सहा गोळ्या काढलेल्या होत्या. त्या शेजारी-शेजारी, जोडीजोडीनं फोडलेल्या होत्या. दोन, दोन, दोन. आठ दिवस, सोळा गोळ्या.

"मावशी, तुम्ही रोज दोन घेत होता?"

मावशींनी माझ्याकडे बघितलं. उत्तर लगेच आलं नाही.

"व्हय."

"का पण? मी सांगितलं होतं ना गोळी तीच आहे?"

पुन्हा वेळ गेला. मग त्या अडखळत म्हणाल्या, "स्वस्त बी... सारं उगवत न्हाई. म्हून दाट पेरायचं."

कांद्याचं रोप टाकणाऱ्या कुणालाही हे कळेल. पिशवीतलं नावाजलेलं बी महाग पडतं. खुल्यातलं घेतलं तर त्यात पोचट निघणार हे धरायचं आणि वाफ्यात दुप्पट टाकायचं. दुप्पट टाकूनही ते स्वस्तच पडतं. मावशींनी माझ्या चौथाई किमतीच्या गोळ्यांचा असा सरळ, शेतकऱ्याचा हिशेब केला होता. दोन घेतल्या तरी निम्म्यातच काम होत होतं. मी त्यांना कारखान्याची साखर सांगत होते, आणि त्या त्यांच्या वाफ्यात उभ्या राहून ऐकत होत्या. उपवासाच्या दिवशी दोन गोळ्या पोटात गेल्या आणि वर घासभर काही नाही.

अण्णानं तोंड फिरवलं. खुल्यातलं बी दाट टाकायचं, हे त्या घरात तोच दरवर्षी करत असणार.

"घाम येत हुता," मावशी म्हणाल्या. "पंधरा दिसांनी आल्ते ना दुकानात... तेच इचाराया आल्ते."

"मग इचारलं का न्हाई?" अण्णा ओरडला.

मावशींनी माझ्याकडे बघितलं.

"गर्दी हुती," त्या म्हणाल्या.

बाकावर चार माणसं होती. गर्दी मी केली होती. मावशींनी मुलासमोर मला झाकलं, आणि मी स्वतःला झाकू दिलं. येताना बसमध्ये खिडकीकडे तोंड करून बसले.

महिन्याभरानं अण्णा दुकानात आला. भर बाजाराच्या दिवशी, बाक भरलेला. त्यानं नवी चिठ्ठी काउंटरवर आपटली. "जुनी गोळी लिहून आनलीया, कंपनीची. स्वस्तातलं आमाला नको. आईच्या जिवाशी खेळ झाला, तेवढा बास."

मला उत्तर येत होतं. गोळीत काही खोट नव्हती हे डॉक्टरांनीही त्याला सांगितलं होतं. पण ते खरं उत्तर अर्धंच होतं आणि उरलेलं अर्धं मला तोंडातून काढता येईना. मी महागाच्या तीस गोळ्या दिल्या. त्यानं पूर्ण किंमत मोजली.

पुढच्या महिन्यात कुणी आलं नाही. त्याच्या पुढच्या महिन्यातही नाही. तारीख मी रोज बघत होते. दुसऱ्या मेडिकलांतही विचारून घेतलं, तिथूनही गोळ्या नेल्या नव्हत्या. दोन महिने उलटल्यावर मला कळून चुकलं, की मावशी पुन्हा एक दिवसाआड घेताहेत. महाग दिली तर निम्मी घेणार, स्वस्त दिली तर दुप्पट. मधली एक गोळी त्या बाईच्या पोटात कशी जाणार? समोरच्या डॉक्टरांना ते जमलं नव्हतं, पोराच्या ओरडण्यानं जमलं नव्हतं. आणि साखर आतून हळूहळू डोळे खाते, पाय खाते, तिला बाजाराच्या दिवसाची वाट बघावी लागत नाही.

एका दुपारी मी वस्तीवर गेले. मावशी ओट्यावर लसूण सोलत होत्या, अण्णा मोटरची वायर जोडत होता. बसा म्हणाला नाही. मी उभ्यानंच सांगितलं. उभ्यानं बोलायची सवय आहे मला, पण अशी नाही.

"अण्णा, गोळीची चूक नव्हती. माझी होती. मावशी विचारायला आल्या होत्या, गर्दी नव्हती. मी त्यांची थट्टा केली. म्हशीला चारता का म्हणाले. सगळे हसले आणि त्यांचं विचारायचं राहिलं."

अण्णानं वायर खाली ठेवली. तो मला काय वाटेल ते बोलला असता तर चाललं असतं. तो आईकडे बघून म्हणाला, "आये, खरं का?"

मावशींनी लसणाची पाकळी सोलून संपवली. मग म्हणाल्या, "त्यांना इनोद... आवरत न्हाई."

मी म्हटलं, "मावशी, बियाण्याचं तुमचं बरोबर आहे. पण गोळीत पोचट नसतं. दहातल्या दहा उगवतात. महागातल्या दहा आणि स्वस्तातल्याही दहा. फरक फक्त पिशवीवरच्या चित्राचा."

मावशी विचारात पडल्या. पूर्वी अशा वेळी मी पुढचं वाक्य टाकून मोकळी झाले असते. त्या दिवशी गप्प बसले. म्हशीनं शेपटी झटकली, मोटर घरघरून बंद पडली, आणि मग मावशी बोलल्या.

"मग इतकी वर्सं... चित्राचं पैसं कशाला घेतलं?"

सव्वीस वर्षांत या धंद्याला विचारलेला इतका नेमका प्रश्न मी ऐकलेला नाही. अण्णा मात्र पहिल्यांदा हसला. दुसऱ्या दिवशी तो आईला घेऊन डॉक्टरांकडे आला आणि चिठ्ठी पुन्हा बदलून नेली.

त्यानंतर माझ्या दुकानात काही गोष्टी बदलल्या. खुर्चीवरचं खोकं उचललं. खुर्ची काउंटरच्या आत, माझ्या शेजारी ठेवली. कुणाची गोळी बदलली की त्या माणसाला आत बोलावते, बसवते, आणि सांगते, "आता तुम्ही मला सांगा. कुठली, किती, कधी." तिथं बसून लोक काय काय सांगतात! एक आजोबा म्हणाले, "रोज नव्या, पर जुन्या टाकायच्या न्हाईत, त्या बुधवारी." महिन्यातून एकदा सगळ्यांना घरातली औषधांची पिशवी जशीच्या तशी आणायला सांगते. काउंटरवर ती उपडी केली की निम्म्या वेळा एकच औषध दोन नावांनी निघतं, दोन डॉक्टरांनी लिहिलेलं, आणि दोन्ही माझ्याच दुकानातून गेलेलं. डॉक्टरांना फोन करते, एक कमी होतं. यादी आखूड करायचे उपाय मोठी माणसं मोठ्या सभांत सांगत असतील. माझ्याजवळ पिशवी आणि खुर्ची एवढंच आहे. दोन्हीला वेळ फार लागतो आणि बोलायला फार कमी मिळतं. आणि कॉम्प्युटरवर तारीख आधीची दिसली की मी तोंडावर हात ठेवते. खरोखर ठेवते. बाकावरच्यांना वाटतं, ताईंचा दात दुखतोय.

मावशींचं बोलणं मात्र पूर्वीसारखं झालं नाही. आता तीन वर्षं झाली. शब्द येतो, पण उशिरा येतो. मी डॉक्टरांना विचारलं, त्या सकाळचे तीन तास भोवले का? ते म्हणाले, "असेल. वयानंही असेल. सांगता येणार नाही." त्यांना सांगता येत नाही. मी मात्र रोज मनात सांगत असते.

मागच्या बाजाराच्या दिवशी मावशी आल्या. बरोबर तिसाव्या दिवशी. मी त्यांना आत खुर्चीवर बसवलं. बाक भरलेला होता, बाहेर आणखी दोघं ताटकळत होते.

"सांगा मावशी. किती गोळ्या?"

मावशींनी माझ्याकडे बघितलं. शब्द शोधायला त्या आत कुठेतरी गेल्या. बाकावर कुणीतरी खाकरलं, कुणी चिठ्ठी हलवून दाखवली. स्टेजवर इतका वेळ कुणी बोललं नाही तर माझ्या पायाखाली आग लागते. मी काउंटर धरून उभी राहिले.

"एकच," मावशी म्हणाल्या.

"कधी?"

"न्याहारीच्या... आधी. उपास असंल तर... आधी तुमाला इचारायचं."

"अगदी बरोबर." मी गोळ्या त्यांच्या पिशवीत ठेवल्या. मावशी उठल्या नाहीत. त्यांना आणखी काही बोलायचं होतं. ओठ हलत होते. बाहेरचा माणूस म्हणाला, "ताई, आमचं बघा की." मी त्याला हातानं थांबवलं आणि वाट बघितली.

मावशींच्या डोळ्यांत जुनी चमक आली. शब्द तिच्या मागून, धापा टाकत आले.

"आन्... म्हशीला... न्हाई देत."

सगळा बाक हसला. मावशीही हसल्या, पदर तोंडाला लावून. मी खोकं उचलायच्या निमित्तानं खाली वाकले, आणि बराच वेळ वर आले नाही.